साबण कोणी केला?

पोळी आपण केली असे म्हणतो, तेव्हा गहू आपण पिकवलेला नसतो आणि पीठही गिरणीतून आलेले असते. शिंप्याने सदरा शिवला म्हणतो, तेव्हा कापड त्याने विणलेले नसते. तरी पोळी करणारीचे किंवा शिंप्याचे श्रेय कोणी काढून घेत नाही. मग साबणाची तयार लादी आणून, ती वितळवून, रंगवून, साच्यात ओतून जो नक्षीदार साबण निघतो, तो ‘केला’ म्हणायचे की नाही, यावर एवढी खळखळ का व्हावी?

खळखळ होते, हे मी स्वतः ऐकले आहे. आमच्या आनंद बाजारात भेळ आणि सरबताच्या टेबलांशेजारी गेली दोन वर्षे रंगीत साबणांचेही एक टेबल असते. मागच्या खेपेस एक ज्येष्ठ प्राध्यापक तिथे थांबले. त्यांनी एक मोर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ते म्हणाले, “हे साबण करणे नव्हे, साबण वितळवणे आहे.” त्याच टेबलावर मुलींनी पुठ्ठ्याची पाटी लावली होती: ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलमुक्त, हस्तनिर्मित.’ सरांचे वाक्य आणि मुलींची पाटी, दोन्ही मला खटकली. माझी मावशी शहापुरात तीन वर्षे हाच उद्योग करते आणि तिची वही मी लिहिते. तेव्हा हा वाद माझ्यापुरता तरी नुसता शब्दांचा नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती देते. खरा मुळापासूनचा साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. घरी थंड पद्धतीने असा साबण केला तर वड्या चार ते सहा आठवडे वाळत ठेवाव्या लागतात आणि कॉस्टिक हाताळताना हातमोजे, चष्मा आणि लहान मुलांपासून दूर अशी जागा लागते. वितळवून ओतायच्या साबणात हा संयोग कारखान्यात आधीच झालेला असतो. लादीत साबणाबरोबर जादा ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल किंवा साखर आणि पाणी असते. या पदार्थांमुळे साबणाचे मोठे स्फटिक बनत नाहीत, म्हणून तो पारदर्शक राहतो आणि पुन्हा पुन्हा वितळवता येतो. पांढरी लादी हवी तर तीत टायटॅनियम डायऑक्साइड घातलेले असते. पारदर्शक साबण ही काही आजची क्लृप्ती नव्हे. लंडनच्या अँड्र्यू पिअर्सने तो १८०७ साली बाजारात आणला आणि आपल्या आजी-आजोबांच्या न्हाणीघरातही तो पोचलेला होता.

आता काम. सर ‘वितळवणे’ म्हणाले तो यातला सर्वांत सोपा भाग. लादीचे इंचभर तुकडे करायचे, पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवायचे आणि वर झाकण ठेवायचे, म्हणजे पाणी उडून जात नाही. साठ-पासष्ट अंशांपर्यंत काम भागते. उकळी आली की साबण पिवळसर पडतो आणि त्याला करपट वास येतो. चमच्याने फेटायचे नाही, हळू फिरवायचे. फेटले की बुडबुडे होतात आणि नाजूक साच्यात एक बुडबुडा म्हणजे मोराचा एक डोळा गेला.

खरे काम त्यापुढे आहे. मावशीकडे सिलिकॉनचा जो मोराचा साचा आहे, त्याचा पिसारा जेमतेम चार बोटे रुंद आहे आणि त्यात सोळा डोळे आहेत. या साच्यात चित्र उलटे भरावे लागते. जे सर्वांत वर दिसायचे ते सर्वांत आधी ओतायचे. काचेच्या मागल्या बाजूने जी चित्रे रंगवतात, त्यांचाही क्रम असाच असतो. आधी बुबुळ, मग त्याभोवतीचे निळे वर्तुळ, मग पीस आणि शेवटी पार्श्वभूमी. बुबुळाचा थेंब टाचणीच्या टोकावर घ्यायचा. निळा आणि हिरवा रंग औषधाच्या ड्रॉपरने. ड्रॉपरमध्ये साबण लगेच थिजतो, म्हणून तो मधूनमधून गरम पाण्यात धरायचा. थेंब बाहेर सांडला तर तो पुसायचा नाही. मिनिटभर थांबून, घट्ट झाला की दातकोरण्याने उचलून काढायचा. ओला असताना पुसला की निळ्याची रेघ हिरव्यात गेलीच. प्रत्येक थरावर सर्जिकल स्पिरिटचा बारीक फवारा मारावा लागतो. त्याने वरचे बुडबुडे फुटतात आणि पुढचा थर आधीच्याला धरून बसतो.

आणि मग येतो तो क्षण, ज्यासाठी मावशी घरातल्या सर्वांना स्वयंपाकघरातून बाहेर काढते. मागची पांढरी भर ओतायची. ती जास्त गरम असेल तर तासभर खपून भरलेला पिसारा वितळून एकमेकांत वाहून जातो. जास्त निवलेली असेल तर ती पिसाऱ्याला चिकटत नाही आणि पहिल्याच आंघोळीला मोराचे तोंड सुटून हातात येते. पन्नास अंशांच्या आसपास एक अरुंद पट्टी आहे, तीत काम साधावे लागते. मावशीजवळ थर्मामीटर आहे, पण तो ती माझ्या समाधानासाठी ठेवते. भांड्याच्या कडेला साय धरू लागली की तिला कळते.

रंगाचेही शास्त्र आहे. पाण्यात विरघळणारे रंग साबणातही शांत बसत नाहीत. ते शेजारच्या रंगात सरकत राहतात. करताना पिवळ्या पाकळीला लाल किनार रेखीव दिसते आणि तीन-चार आठवड्यांनी सगळी पाकळी नारिंगी होऊन बसते. मायकाची पूड, लोहाची ऑक्साइडे, अल्ट्रामरीन निळा हे न विरघळणारे रंग आपल्या जागी राहतात. ते आधी चमचाभर स्पिरिटमध्ये कालवून घ्यायचे, नाहीतर गुठळ्या होतात. खाण्याचे रंग स्वस्त मिळतात म्हणून अनेक जणी तेच वापरतात. दुकानात ठेवलेल्या साबणांची नक्षी महिन्याभरात धूसर होते याचे कारण बहुधा तेच.

शिवाय आमचा बेळगावचा पाऊस! लादीतले जादा ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत साबण उघडा ठेवला तर त्यावर दवासारखे थेंब जमतात. याला कारागीर ‘साबणाला घाम येणे’ म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटते, साबण नासला. तो नासलेला नसतो, पण ते कोणाकोणाला समजावणार? म्हणून साच्यातून काढला, पूर्ण निवला की लगेच पातळ प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळायचा. फ्रीझरमध्ये ठेवून लवकर काढायची घाई केली तर घाम आणखीच.

हे सर्व लिहिले ते एवढ्यासाठी की ‘वितळवणे’ या एका शब्दात हे काम मावत नाही. हे साबण रांधण्याचे काम नाही, पण ओतकाम आहे. आणि ओतकाम ही आपल्या भागाला परकी गोष्ट नव्हे. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यात दोरा ठेवून, वर पाक ओतून करतात. माझी कन्नड विभागातली मैत्रीण सांगते की त्यांच्याकडे दिवाळीनंतरच्या गौरी हुण्णिमेला ‘सक्करे आरती’ असते. लाकडाचे दोन फाळ्यांचे साचे पाण्यात भिजवून, बांधून, त्यांत रंगीत पाक ओतून हत्ती, पोपट, तुळशीवृंदावन काढतात. ते ताटात मांडून मुली आरतीला नेतात. तिच्या आजीकडे असे साचे आहेत आणि ते कोणाला उसने दिले जात नाहीत. या आजीला “साखर तुम्ही केली का?” असे आजवर कोणी विचारलेले नाही.

याच मैत्रिणीमुळे एक गंमत लक्षात आली. साच्याला कन्नडमध्ये ‘अच्चु’ म्हणतात आणि नीटनेटक्या, व्यवस्थित कामाला ‘अच्चुकट्टु’. तिथे ती स्तुती आहे. आपण मराठीत मात्र ‘साचेबंद’ म्हटले की ती निंदा! निबंध साचेबंद, उत्तर साचेबंद, माणूसही साचेबंद. दोन शेजारच्या भाषांनी एकाच वस्तूकडे पाहून दोन उलट शब्द घडवले. सरांच्या नापसंतीत आपल्या या मराठी शब्दाचा थोडा हात असावा असे मला वाटते. आणि गंमतच पाहायची तर ‘साबण’ हा शब्द तरी आपला कुठे? अरबीतला ‘साबून’ आपण ‘साबण’ म्हणून ओतून घेतला आणि कन्नडने ‘साबूनु’ म्हणून. तयार लादी एक, साचे दोन.

दुसरे असे की कारखान्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. बाजारातील सगळे नामांकित साबण तेलापासून एकाच छपराखाली होतात असा आपला समज असतो. बंगळूरला म्हैसूर संस्थानाने साबणाचा सरकारी कारखाना काढला, त्याचे कौतुक आपण शाळेत वाचले, ते योग्यच आहे. पण आज अनेक उत्पादक साबणाच्या तयार शेवया, ज्यांना व्यापारात ‘नूडल्स’ म्हणतात, त्या दुसऱ्याकडून विकत घेतात. त्यांत रंग आणि सुगंध मिसळतात, यंत्रात मळतात आणि ठशाखाली दाबून वड्या पाडतात. तेव्हा तयार माल आणून आकार देणे हे कारखान्यात झाले की उद्योग आणि मावशीच्या स्वयंपाकघरात झाले की वितळवणे, हा भेद मला मान्य नाही.

इथवर मी मुलींच्या बाजूने बोलले. आता त्यांच्या पाटीबद्दल.

‘केमिकलमुक्त साबण’ हा शब्दप्रयोग ‘पाणीमुक्त ताक’ म्हटल्यासारखा आहे. साबण हेच एक रसायन आहे आणि साबणाचा पीएच साधारण नऊ ते दहा असतो, मग तो कितीही सुंदर मोराच्या रूपात येवो. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे ज्या लादीबद्दल म्हणायचे, तिच्या खोक्यावर प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि कित्येकदा सोडियम लॉरिल सल्फेट स्पष्ट छापलेले असते. ही नावे विषारी आहेत असे मुळीच नाही. पण ज्या बाईला एखाद्या घटकाची ॲलर्जी आहे, तिने पाटी वाचून विश्वासाने तो साबण घेतला तर फसवणूक झाली, आणि ती आपल्याच हातून. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द मात्र मला चालेल. फक्त त्यापुढे आणखी चार शब्द हवेत: ‘तयार बेसपासून ओतलेला, नक्षीदार’. एवढे लिहिल्याने कोणाचे काय बिघडते? शिंपी पाटीवर ‘कापड आणून द्या’ असे लिहितो, त्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

खोटी पाटी का लावावी लागते, याचे उत्तर मला वहीत सापडले. बारा मोरांच्या एका घाण्याचा हिशेब असा: एक किलो बेस २४० रुपये, रंग १८, सुगंध ७०, स्पिरिट १०, वेष्टन व चिठ्ठी मिळून १०८, गॅस ६ आणि साच्यांचा घसारा ९. एकूण ४६१ रुपये. (घसारा हा शब्द मी शाळेत मराठीत शिकले आणि तोच पुढे कॉलेजात ‘डेप्रिसिएशन’ होऊन भेटला, तेव्हा जुना शेजारी परगावी भेटल्यासारखे झाले. असो.) एक मोर ६० रुपयांना विकला तर ७२० रुपये येतात, उरतात २५९. आता वेळ. तुकडे करणे वीस मिनिटे, वितळवणे आणि रंग तयार करणे पस्तीस, नक्षी भरणे प्रत्येकी दहा मिनिटे म्हणजे दोन तास, मागची भर पंधरा मिनिटे, साच्यातून काढणे वीस, गुंडाळणे एक तास. एकूण साडेचार तास. म्हणजे तासाला साधारण साडेसत्तावन्न रुपये.

हे घरून विकले तर. दुकानात ठेवले आणि दुकानदाराने पंचवीस टक्के घेतले की १८० रुपये गेले, उरले ७९. म्हणजे तासाला साडेसतरा रुपये. बारातल्या एका मोराचे तोंड सुटले तर आणखी पंचेचाळीस वजा करा. उरतात ३४ रुपये, म्हणजे तासाला साडेसातच्या आसपास.

याउलट तीच मावशी साध्या आयताकृती साच्यात एकरंगी साबण ओतते तेव्हा रंग आणि स्पिरिटचा खर्च थोडा कमी होऊन घाण्याला ४४३ रुपये लागतात. पन्नास रुपयांप्रमाणे ६०० येतात, उरतात १५७ आणि सगळे काम दोन तासांत संपते. तासाला साडेअठ्ठ्याहत्तर! म्हणजे ज्या नक्षीसाठी डोळे फोडायचे, ती नक्षी गिऱ्हाइकाला जवळजवळ फुकट जाते. मी हा हिशेब मावशीपुढे ठेवला तेव्हा ती म्हणाली, “अगे, नक्षी बघूनच माणूस थांबतंय. साधी वडी दुकानात काय कमी हायत?” तिचेही खरे आहे. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून आंघोळीच्या साबणाच्या वड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. ग्राहक म्हणून मला बरे वाटले. पण मोठ्या कंपन्यांच्या वडीशी किमतीत टक्कर द्यायची कल्पना होती तीही त्याबरोबर संपली.

म्हणजे मोराची किंमत वाढवायला हवी. साध्या साबणाइतकीच मजुरी मोरावर सुटायची तर घरून तो अडुसष्टला आणि दुकानात नव्वदच्या वर विकला पाहिजे. साबणाला नव्वद रुपये का द्यायचे, असे गिऱ्हाईक विचारते. या प्रश्नाला खरे उत्तर ‘कारण यात दहा मिनिटांचे नाजूक हातकाम आहे’ हे आहे. पण हातकामाला आपल्याकडे किंमत नाही, ‘नैसर्गिक’ या शब्दाला आहे. म्हणून मुली हातकाम लपवतात आणि शब्द पुढे करतात. पाटी खोटी आहे, पण ती खोटी होण्यात आपण विकत घेणारेही सामील आहोत. गोकाकची लाकडी फळे घेताना आपण लाकूड सेंद्रिय आहे का विचारत नाही. रंग आणि घडण पाहतो. साबणाकडेही तसे पाहता आले तर पाटीची गरज उरणार नाही.

याच संदर्भात उद्योजकता शिबिरांबद्दलही लिहायला हवे. एक दिवसाचे प्रशिक्षण, भरपूर फी, शेवटी रंगीत प्रमाणपत्र आणि ‘घरबसल्या महिन्याला तीस हजार’ हे आश्वासन. मावशी अशा एका शिबिराला गेली होती. तिथे ओतायला शिकवले, ते चांगले शिकवले हे मान्य करते. पण सात तासांत खर्चाचा हिशेब एकदाही फळ्यावर मांडला गेला नाही. आणि कायद्याचे तर नावच नाही.

कायदा काय म्हणतो ते मी ग्रंथालयात बसून वाचले आणि चकित झाले. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. त्यात सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ते वगळणारे शब्द काढून टाकले. तेव्हापासून आंघोळीचा साबण विक्रीसाठी तयार करायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा परवाना लागतो. सध्या त्यासाठी २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. यावर कोणी म्हणेल, आम्ही कुठे तयार करतो, आम्ही नुसता वितळवतो! पण याच कायद्यात ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत बनवणे तर आहेच, शिवाय बदल करणे, सजवणे, शेवटचा हात फिरवणे, बांधणी करणे, चिठ्ठी लावणे, तुकडे करणे हेही विक्रीच्या हेतूने केले तर उत्पादनच धरलेले आहे. ‘सजवणे’ हा शब्द तिथे खरोखर आहे. म्हणजे सरांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. मोराचा पिसारा भरणारी बाई ही कायद्याच्या दृष्टीने साबणाची उत्पादक आहे. तिला हा मान मिळतो तो जबाबदारीसकट. पाकिटावर घटकांची यादी हवी, निव्वळ वजन हवे, उत्पादनाचा महिना व वर्ष हवे, सर्व करांसह किंमत हवी, नाव-पत्ता हवा. ‘आम्ही घरगुती’ म्हणून यातून सुटका नाही.

यातली अडचण मी झाकून ठेवत नाही. परवान्यासाठी वेगळी जागा लागते, स्वच्छतेचे निकष आहेत, पात्र देखरेख लागते. दोन खणांच्या घरात हे कसे जमावे? एक रस्ता नियमांतच आहे. दुसऱ्या परवानाधारकाची जागा आणि यंत्रणा वापरून आपला माल करून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ मिळते. एकट्या बाईला तेही झेपणारे नाही, पण दहा-पंधरा जणींच्या गटाला विचार करता येईल. शिबिरवाल्यांनी सात तासांपैकी एक तास यावर दिला असता तर फी वसूल झाली असती.

आमच्या महाविद्यालयाकडून माझी अपेक्षा मोठी नाही. आनंद बाजार ही देखील विक्रीच आहे. साबणाचे टेबल लावायला देण्यापूर्वी बेसच्या खोक्यावरील घटकांची यादी मराठीत आणि कन्नडमध्ये टेबलावर ठेवावी, ‘केमिकलमुक्त’ हा शब्द काढायला लावावा आणि परवान्याविना साबण विकायला लावणे योग्य आहे का याचा निर्णय व्यवस्थापनाने एकदाचा घ्यावा. विकायचा नसेल तर ओतून दाखवण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. साचा आणि ड्रॉपर मुलांच्या हाती द्यावा. रसायनशास्त्राच्या मुलांनी पीएच मोजून दाखवावा, वाणिज्यच्या मुलांनी शेजारी फळ्यावर खर्च मांडावा. सरांनीही एक मोर भरून पाहावा अशी माझी नम्र विनंती आहे. सोळा डोळे आहेत.

एक लहानशी सूचना आणखी. जिलबी, बर्फी, जेली यांच्या आकाराचे, व्हॅनिलाच्या वासाचे साबण हल्ली फार दिसतात. दिसायला मोहक असतात यात शंका नाही. पण घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर ते साबण पहिल्यांदा तोंडातच जाणार. साचे निवडताना मोर आणि गुलाब पुरेसे आहेत.

मावशीने दुकानात साबण ठेवणे थांबवले आहे. गल्लीतल्या आणि पलीकडच्या वाड्यातल्या मिळून अकरा जणींनी परवान्याची चौकशी करायचे ठरवले आहे. त्यांतल्या चौघी कन्नड बोलणाऱ्या आहेत, म्हणून अर्ज कोणत्या भाषेत समजून घ्यायचा यावर पहिल्या बैठकीत अर्धा तास गेला. शेवटी मी कन्नड वाचून मराठीत सांगायचे असे ठरले. दुसरी बैठक येत्या रविवारी आहे. खर्चाच्या वहीची प्रत सर्वांना वाटायची आहे. मोराची किंमत नव्वद ठेवायची की पंच्याण्णव, यावर अजून एकमत झालेले नाही.